समोरून येणारं 'नाही'

त्याला सगळे नाहीबुवा म्हणायचे. खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच धूळ खात पडलेलं. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात अडतीस वर्षं घालवलेला माणूस, आणि या अडतीस वर्षांत कुणी काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'नाही'. "बुवा, आज ऊन पडलंय ना?" "नाही." मग मान वर करणार, डोळे किलकिले करणार आणि म्हणणार, "पडलंय. पण टिकायचं नाही."

नवखे चिडायचे. तिरसट माणूस, कपाळाला आठी घालूनच जन्माला आलेला, असं मागून बोलायचे. बोलणाऱ्याचं काय जातं! ते 'नाही' त्याच्या स्वभावातून आलेलं नव्हतं, कामातून आलेलं होतं.

लिफ्टचं काम जोडीनं चालतं. एक जण वर मशीनरूममध्ये, दुसरा खाली लिफ्टच्या टपावर, अंधारात, गुडघे दुमडून. वरचा ओरडतो, "हलवू?" खालचा "हो" म्हणाला की वरचा लिफ्ट हलवतो. आता माणसाची जीभ म्हणजे सवयीची गुलाम. दिवसातून पन्नास वेळा "हलवू?" ऐकलं की एक्कावन्नाव्या वेळी हात दोरखंडावर असला तरी तोंडातून "हो" सुटून जातो. नाहीबुवाच्या उस्तादाचा उजवा अंगठा असल्याच एका 'हो'पायी गेला होता. तेव्हापासून उस्तादानं नियम घातला: पहिलं उत्तर 'नाही'च. वरून "हलवू?" आलं की खालून "नाही!" ओरडायचं. मग हात बघायचे, पाय बघायचे, पाना कुठं ठेवलाय तो बघायचा. सगळं जागच्या जागी असेल तर मगच, "आता हलव." कंपनीच्या पुस्तकात हा नियम कुठंच नव्हता. पण उस्तादाच्या हाताखालून गेलेल्या एकाचंही बोट पुढं तुटलं नाही, आणि पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी टपावर चढलेला एकही माणूस नाहीबुवानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तो नियम असा अंगात मुरला की संध्याकाळी कामाचे कपडे उतरले तरी तो काही उतरायचा नाही. घरी जायचा बरोबर.

घरी बायको होती. होती म्हणजे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

तिची गाठ पडली तीही लिफ्टमुळंच. एका इमारतीत सहाव्या मजल्यावर शिवणकामाचा कारखाना होता, तिथं ती काजं-बटणं करायची. इमारतीची लिफ्ट खडखडायला लागली. नाहीबुवा तेव्हा ऐन पंचविशीतला, उस्तादाच्या हाताखालून नुकता सुटलेला, डोक्यात हवा. त्यानं कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं, आवाज वरच्या चाकाचा आहे. ती कारखान्याच्या दारात उभी होती. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढताच म्हणाली, "वरचा नाही. खालचा आहे."

"बाई, लिफ्ट तुम्ही दुरुस्त करता की मी?"

"दुरुस्त तुम्ही करता. ऐकते मी. रोज दहा तास."

तीन दिवस तो वरच शोधत बसला. चौथ्या दिवशी नाक मुठीत धरून खालच्या खड्ड्यात उतरला, तर तिथं एक ढिला बोल्ट त्याची वाटच बघत बसलेला. लिफ्ट बंद होती, म्हणून सहा मजले चढून तो तिला सांगायला गेला. ती म्हणाली, "मग? सांगितलं होतं ना." झालं! माणूस तिथंच विकला गेला. महिनाभरानं त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "नाही." नाहीबुवा हलला नाही. पहिल्या 'नाही'नंतर थांबायची त्याला सवयच होती. तिनं हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बरं."

एकतीस वर्षं संसार झाला, आणि एकतीस वर्षं भांडण. शेजारीपाजारी म्हणायचे, यांच्या घरात रेडिओ लागत नाही, कारण जागाच नाही. कपाट या भिंतीला की त्या. मुलाला गणित जमतं की नाही. पाहुणे चार येणार की पाच. ती पूर्व म्हणाली की हा पश्चिम. पण मारामारी नाही, अबोला नाही, शिवी नाही. दोघंही शब्दाला शब्द लावायचे, आणि भांडता भांडता ती त्याच्या सदऱ्याचं बटण लावून टाकायची.

चहाचं तर ठरलेलंच. ती विचारायची, "चहा घेणार?" तो म्हणायचा, "नाही." ती कप त्याच्यापुढं ठेवून निघून जायची. एकतीस वर्षांत तिनं एकदाही तो कप परत नेला नाही.

आणि खिडकी. ते सगळ्यात जुनं भांडण, लग्नाच्या पहिल्या आठवड्यातलं. झोपताना पलंगाजवळची खिडकी उघडी हवी की बंद? ती म्हणायची, उघडी. कोंडलेली हवा म्हणजे कालची हवा. शिवाय कुणी हाक मारली तर ऐकू येते. तो म्हणायचा, बंद. धूळ येते, रस्त्यावरचा गोंगाट येतो, त्याच्या खांद्याला गार वारा लागतो. तो खिडकी लावायचा. थोड्या वेळानं तिची पावलं वाजायची, कडी खट्कन उघडायची. मग तो उठायचा. मग ती. शेवटी ज्याला आधी झोप लागेल तो हरला. बहुतेक वेळा हाच हरायचा, आणि सकाळी खांदा चोळत म्हणायचा, "बघितलंस? आखडला." ती म्हणायची, "वयानं आखडला. वाऱ्याला बोल लावू नको."

आठ दिवसांच्या आजारात ती गेली. आणि तेव्हापासून घरात सगळे 'हो' म्हणायला लागले.

मुलगा चांगला, सूनही चांगली. वाईट कुणीच नाही, हीच तर पंचाईत! वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. मुलगा म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं, बाबा." सून म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." शेजारचे म्हातारे, ज्यांनी पूर्वी त्याला रस्त्यात अडवून वाद घातले, ते आता मान डोलवायचे. बायको गेलेल्या माणसाला दुखवू नये, असा काहीतरी ठराव जगानं पास केला होता. एकदा त्यानं मुद्दाम मुलाला म्हटलं, "आज गुरुवार ना?" होता मंगळवार. मुलगा चपलेत पाय सरकवत म्हणाला, "हो बाबा."

सून विचारायची, "बाबा, चहा?" तो म्हणायचा, "नाही." सून म्हणायची, "बरं," आणि कप घेऊन परत जायची. तो त्या जाणाऱ्या कपाकडं बघत राहायचा. तिला सांगता आलं असतं, की पोरी, माझं पहिलं 'नाही' धरायचं नसतं. पण सांगून मिळालेला आग्रह तो आग्रह कसला? गडी मानी. दोन वर्षं त्यानं घरी जवळजवळ चहाच घेतला नाही.

खिडकी मात्र तो आता उघडीच ठेवायचा. लावली तर उघडायला कुणी नव्हतं.

अशात गुडघ्यांनी संप पुकारला. टपावर बसलं की उठता येईना. कंपनीत प्रशिक्षणखोलीची एक खुर्ची रिकामी होणार होती. नव्या कारागिरांना शिकवायचं, जमिनीवर उभं राहून. नाहीबुवापेक्षा लायक माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. पण वरून कागद आला: खुर्चीवर बसणाऱ्याकडं इंग्रजी संभाषणाचं प्रमाणपत्र हवं. नसेल त्यानं वर्षअखेर घरी बसावं. कंपनीला इंग्रजी येतं, लिफ्टला येत नाही. अडतीस वर्षं लिफ्टला कळेल अशा भाषेत बोलणाऱ्या माणसाला हे ऐकवणारा साहेब स्वतः लिफ्टचं दार अडकलं की घंटा वाजवून ओरडतो, तेव्हा कुठल्या भाषेत ओरडतो ते सगळ्यांना माहीत होतं. पण कागद तो कागद. घरी बसायचं म्हणजे त्या 'हो, बाबा'च्या घरात दिवसभर बसायचं. नाहीबुवाला त्याचीच धास्ती जास्त. त्यानं इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग भरायचा संध्याकाळी एका प्राथमिक शाळेत. बाकं पहिलीच्या पोरांची. नाहीबुवाचे गुडघे बाकात मावेनात, म्हणून तो आडवा बसायचा, पाय वाटेत. एक बेकरीवाला, दोन ड्रायव्हर, एक शिंपीणबाई, असे बारा जण. टीचरबाई तिशीच्या, दिवसभर पोरांना शिकवून आवाज बसलेला, पण डोळा तल्लख. दोन महिने नाव-गाव, भाजीबाजार, डावं-उजवं झालं. नाहीबुवा कसाबसा तरला. मग एका सोमवारी टीचरबाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला.

"आजपासून विरोधी मत," त्या म्हणाल्या. "समोरच्याचं पटलं नाही तर इंग्रजीत कसं सांगायचं. परीक्षेत हेच येणार. जोडीजोडीनं. एकानं एक बाजू मांडायची, दुसऱ्यानं विरोध करायचा."

नाहीबुवानं पाय आत घेतले. ताठ बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला सांगत होतं की तुला आता विरोध होणार आहे, आणि तोही नियमानुसार.

कागदावर पहिलंच वाक्य होतं: आय सी युवर पॉइंट, बट. "म्हणजे," टीचरबाई म्हणाल्या, "तुमचा मुद्दा लक्षात आला, पण. आधी हे म्हणायचं, मग आपलं."

"नाही," नाहीबुवा म्हणाला.

"काय नाही?"

"मला ज्याचा मुद्दा हाणून पाडायचाय, त्याला आधी सलाम कशाला ठोकू? सरळ 'बट' पासून सुरुवात करतो."

"बुवा, तुम्ही पटलं असं म्हणत नाही. दिसलं, एवढंच म्हणता. समोर माणूस आहे, तो काहीतरी बोललाय, ते मी पाहिलं."

"एकतीस वर्षं मी बायकोशी 'बट' पासूनच बोललो. काही अडलं नाही."

वर्ग हसला. टीचरबाईही हसल्या. "बायको चालवून घेते. परीक्षक गुण कापतो."

नाहीबुवा हसला नाही. आपण तिला एकदा तरी म्हटलं होतं का, की तुझा मुद्दा लक्षात आला? बोल्टच्या वेळी सहा मजले चढलो होतो, हे खरं. पण ते पाय म्हणाले. तोंड कधीच म्हणालं नाही. त्यानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, आणि 'बट' खाली दोन रेघा मारल्या.

टीचरबाईंनी जोड्या लावल्या. नाहीबुवाच्या वाट्याला आल्या फोनवाल्या ताई. पन्नाशीच्या, एका मोठ्या दवाखान्यात बावीस वर्षं दारातल्या टेबलावर फोन उचलणाऱ्या. आवाज असा, की ऐकून ताप उतरावा. पण बावीस वर्षं "हो डॉक्टर", "हो, सांगते", "हो, थांबा हं" याखेरीज त्या आवाजानं काही केलंच नव्हतं. आता दवाखान्यात बाहेरदेशचे रुग्ण येऊ लागले होते. प्रमाणपत्र आणलं तर टेबल राहणार, नाहीतर मागच्या फायलींच्या खोलीत बदली. त्या खोलीला ना फोन, ना माणूस. "मला तिथं वेड लागेल हो," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मला लोकांचे आवाज लागतात."

सरावाला विषय आला: शहर चांगलं की खेडं. नाहीबुवानं इंग्रजीत घसा खाकरून सांगितलं, शहर चांगलं, लिफ्ट असते. ताई म्हणाल्या, "येस. व्हेरी गुड."

"अहो ताई, विरोध करायचाय!"

"हो, पण तुमचं बरोबरच आहे ना."

"बरोबर असलं म्हणून काय झालं!"

दुसरा विषय. नाहीबुवानं मुद्दाम अद्वातद्वा ठोकून दिलं: मुलांनी शाळेत जाऊ नये, चालणं तब्येतीला वाईट, पुस्तकं जाळावीत. ताई मान हलवत राहिल्या. "येस. मेबी."

"पुस्तकं जाळावीत, मेबी?" नाहीबुवा बाकातून उठू लागला, गुडघा अडकला, परत बसला. "ताई, माझ्या घरी सगळे असंच बोलतात. निदान इथं तरी... तुम्हाला कधी कुणाचा राग येत नाही?"

"येतो ना."

"मग काय करता?"

"फोन ठेवते. हळूच."

मग त्यानं त्यांना उस्तादाचा नियम शिकवला. पहिलं उत्तर 'नाही'. आधी 'नाही' म्हणून टाका, मग विचार करा, मग पुढचं. ताईंना ते एकदम पटलं. अर्थात त्यांना सगळंच पटायचं. पण घरी जाऊन त्यांनी आरशापुढं सराव केला म्हणे. आठवड्यानं नाहीबुवा म्हणाला, मांजर बरं, कुत्रा नको. ताईंनी डोळे घट्ट मिटले आणि विहिरीत उडी टाकावी तशा म्हणाल्या, "नो!" मग डोळे उघडून, "सॉरी हं. आय सी युवर पॉइंट, बट... कुत्रा वाट बघतो. कॅट डझन्ट वेट."

नाहीबुवाच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी! त्या संध्याकाळी तो चालत घरी गेला, गुडघे असून. सुनेनं विचारलं, "बाबा, आज खुशीत?" तो म्हणाला, "नाही." आणि एकटाच हसत बसला.

पुढचे पाच आठवडे हा माणूस वर्गाच्या ओढीनं दिवस ढकलत होता. ताई अजून चाचरायच्या, सॉरी म्हणायच्या, त्यांचं 'नाही' अजून शिकाऊ होतं, नव्या चपलेसारखं करकरायचं. तरी चालेल. पण एक मात्र होतं. वाद रंगात आला की त्याला उगाच वाटायचं, आता समोरून कुणीतरी टाचण्या न काढता बोलेल. मग ताईंचा मऊ आवाज यायचा, सॉरी यायचं, आणि त्याला आठवायचं की आपण शाळेत आहोत.

परीक्षा रविवारी सकाळी, त्याच शाळेत. परीक्षक बाहेरचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेले गृहस्थ. जोडीचे गुण एकत्रच, एक बुडाला की दुसराही बुडाला, हे टीचरबाईंनी दहादा बजावलेलं. टेबलावर घडी केलेल्या चिठ्ठ्या. ताईंनी इस्त्रीची साडी नेसलेली, ओठातल्या ओठात 'नो, नो' घोकत होत्या. नाहीबुवा हळूच म्हणाला, "घाबरू नका. विषय कुठलाही येऊ दे, मी आडवा येतो की नाही बघा. माझा हातखंडा आहे."

ताईंनी चिठ्ठी उघडली आणि परीक्षकांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून दाखवली: झोपताना खिडकी उघडी असावी. बाईंनी बाजूनं बोलावं, गृहस्थांनी विरोध करावा.

नाहीबुवाला आधी हसूच फुटलं. हा विषय! या विषयावर त्यानं एकतीस वर्षं तालीम केलेली. धूळ, गोंगाट, खांदा. इंग्रजी शब्दही येत होते. डस्ट. नॉइज. शोल्डर. तो छाती काढून बसला.

ताई बोलू लागल्या. आणि काय बोलल्या! सहा आठवड्यांची भीती त्यांनी त्या खुर्चीवर टाकून दिली. इंग्रजी तोडकंमोडकं, पण पाय रोवून. म्हणाल्या, बंद खोलीतली हवा शिळी होते, यस्टर्डेज एअर. सकाळी डोकं जड होतं. वारा लागून खांदा दुखत नाही, वयानं दुखतो, लोक उगाच वाऱ्याला नावं ठेवतात. आणि शेवटी, त्याच मऊ आवाजात, पण सॉरी न म्हणता: रात्री कुणी आपल्याला हाक मारली तर? खिडकी बंद असली तर ती आपल्याला ऐकू येणार नाही.

परीक्षकांनी नाहीबुवाकडं पाहिलं.

त्यानं तोंड उघडलं. पहिलं उत्तर 'नाही', अडतीस वर्षांचं. ते आलंच नाही. दोन वर्षं उघडी ठेवलेली ती खिडकी त्याच्या डोळ्यांपुढं होती, आणि आपण ती का उघडी ठेवतो, हे त्याला त्या वर्गखोलीत, पहिलीच्या पोरांच्या चित्रांखाली, पहिल्यांदा कळलं. हाक ऐकू यावी म्हणून.

"आय सी युवर पॉइंट," तो म्हणाला.

परीक्षक पेन्सिल धरून थांबले.

"बट?" परीक्षकांनी मदत केली.

नाहीबुवानं मान हलवली. "नो बट."

"तुम्हाला विरोध करायचा आहे," परीक्षक समजुतीनं म्हणाले.

"केला, साहेब. भरपूर केला." आणि हे तो इंग्रजीत म्हणाला नाही.

दोघं नापास.

शाळेच्या पायऱ्यांवर तो बसला. ताईंनी येऊन आता म्हणावं, असू दे हो, होतं असं, अशी त्याची खात्रीच होती. ताई आल्या. पर्स पायरीवर आपटली.

"तुम्हाला काही लाज?"

नाहीबुवानं वर पाहिलं.

"सहा आठवडे मला शिकवलंत, नाही म्हणा, नाही म्हणा! मी आरशापुढं बोंबलत होते वेड्यासारखी! शेजारीण विचारायला आली, बरं आहे ना म्हणून! आणि तुम्ही? ऐन वेळी शेपूट घातलीत? मी आता त्या फायलींच्या खोलीत जाऊ? तुमच्यामुळं?"

"ताई, माझं ऐका..."

"नाही! ऐकणार नाही! बावीस वर्षं ऐकतेय सगळ्यांचं!"

पायऱ्यांवरचे ड्रायव्हर, बेकरीवाला, सगळे थबकले. नाहीबुवा ऐकत राहिला. हे 'नाही' करकरत नव्हतं. याच्यामागं सॉरी नव्हतं. मग त्यांचा दम संपला तेव्हा त्यानं सांगितलं. खिडकीचं सांगितलं, कडीचं सांगितलं, पावलांचं सांगितलं. सांगताना तो पायरीकडं बघत होता, कारण पुढं काय येणार ते त्याला माहीत होतं. अरेरे. बरोबर आहे तुमचं.

ताई म्हणाल्या, "चूक केलीत."

"काय?"

"त्यांच्याशी एकतीस वर्षं भांडलात ना? मग आज त्या जिंकल्या कशा? समोर कुणी लढलंच नाही तर जिंकणं कसलं ते! त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

नाहीबुवानं विचार केला. टाचण्या दिसल्या. "म्हणाली असती, एवढ्यात दमलास?"

"मग!"

"पण ताई, तुम्ही म्हणालात तो मुद्दा, हाकेचा..."

"तो तर मी असाच सुचेल तो ठोकला. मी स्वतः खिडकी लावून झोपते. धूळ केवढी येते!"

ताई तणतणत कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. "चहा घ्या."

"नाही," तो म्हणाला.

"नाही कसलं? धरा. हात भाजतोय माझा."

त्यानं कप धरला. खूप वेळ नुसता धरून बसला. ताईंना वाटलं, गार व्हायची वाट बघतोय.

तीन महिन्यांनी फेरपरीक्षा झाली. विषय आला पायी चालणं बरं की वाहन बरं. दोघं असे भिडले की परीक्षकांना घंटा वाजवावी लागली. ताईंचं टेबल राहिलं. नाहीबुवाला खुर्ची मिळाली. तिथं तो नव्या कारागिरांना पहिल्याच दिवशी, कंपनीच्या इंग्रजी पुस्तकावर कोपर टेकून, पुस्तकात नसलेला नियम शिकवतो. अधूनमधून रविवारी त्या पायऱ्यांवर तो आणि ताई कशावरून तरी हुज्जत घालताना दिसतात.

घरी अजून सगळे 'हो'च म्हणतात. पण संध्याकाळी कामावरून आला की तो आता एक करतो. पलंगाजवळची खिडकी लावतो, कडी घालतो आणि मोठ्यानं म्हणतो, "धूळ येते." मग पलंगावर बसतो, हात मांडीवर, कान दाराकडं. सून स्वयंपाकघरातून बघते. पावलं वाजत नाहीत. जरा वेळ तो तसाच बसतो.

मग गुडघ्यावर हात देऊन उठतो, "दिसलं, तुझं म्हणणं दिसलं," असं पुटपुटतो आणि कडी खट्कन उघडतो.